पाय घसरलेला भाऊ

न्यासाच्या स्मरणिकेसाठी लेख द्यावा असे संपादकांनी सुचविले, तेव्हा शिक्षणावर चार पाने लिहून मोकळे व्हावे असा माझा बेत होता. परंतु ते विषयही ठरवूनच आले होते. आपल्यापैकी एखाद्याच्या हातून पाप घडले आणि त्याचा बोभाटा झाला, तर मंडळीने त्याच्याशी कसे वागावे, हा तो विषय. मी म्हटले, "हे तर पाळकसाहेबांचे काम. मी मुसलमान. ख्रिस्ती मंडळीला तिच्याच शास्त्रातले मी काय सांगणार?" त्यावर ते म्हणाले, "पाळकसाहेबांचे आम्ही दर रविवारी ऐकतो, सर. बाहेरून पाहणाऱ्याला काय दिसते, तेही एकदा कळू द्या." या उत्तरापुढे मला काही बोलता आले नाही. माझे लहानपण मराठवाड्यात एका मराठी ख्रिस्ती कुटुंबाच्या शेजारात गेले, आणि त्यांच्या घरचे मराठी शुभवर्तमान मी शाळकरी वयातच वाचलेले होते. माझा अधिकार काय तो एवढाच. यास्तव चुकले-माकले तर वाचकांनी सांभाळून घ्यावे.

हा विषय धर्मशास्त्राचा असला तरी न्यासाच्या कामाशी त्याचा निकटचा संबंध आहे. धर्मादाय संस्थांच्या समित्यांवर मी काही वर्षे काम केले आहे. फीचे अर्ज, औषधांचे अर्ज, विधवांना दरमहा मदतीचे अर्ज असे एकेक वाचून दाखविले जातात. मग एखादा अर्ज असा येतो की, कागद सगळे बरोबर, गरजही खरी, पण कोणीतरी आवाज खाली करून म्हणतो, "हा कोणाच्या घरचा अर्ज आहे, ठाऊक आहे ना?" तेवढ्यात चहा येतो, बोलणे दुसरीकडे वळते आणि तो अर्ज गठ्ठ्याच्या तळाशी जातो. नामंजूर असा शेरा त्यावर कोणी मारीत नाही. बापाने दारूपायी नोकरी घालविली म्हणून मुलीची फी राहते, आणि ती का राहिली हे तिला कोणी सांगत नाही.

माझी स्वतःची एक गोष्ट आधी सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचे सर्व कोरडे पांडित्य ठरेल. मी एका शाळेत होतो तेव्हा माझ्या शेजारच्या खुर्चीवर एक ख्रिस्ती शिक्षक बसत. माझ्यापेक्षा आठ-दहा वर्षांनी वडील, गणिताचे उत्तम शिक्षक, आणि रविवारी आपल्या चर्चमध्ये पेटी वाजविणारे. एका वर्षी परीक्षा फीचे पैसे त्यांच्याकडे जमा होते. त्यांतले काही त्यांनी घरच्या कर्जासाठी वापरले आणि हिशेबाच्या दिवशी ते उघड झाले. त्यांनी काही लपविले नाही. स्कूटर विकून दोन महिन्यांत पै न् पै भरली. चालकांनी ताकीद देऊन नोकरीवर ठेविले. कागदोपत्री प्रकरण तेथे संपले. आमच्या शिक्षकांच्या खोलीत मात्र ते कधीच संपले नाही. चहाच्या वर्गणीचा डबा त्यांच्यापुढून तसाच पुढे जाऊ लागला. ते आत आले की बोलणे थांबे. त्यांच्या चर्चमध्येही पेटी दुसऱ्याकडे गेली, असे पुढे कानावर आले. एक दिवस ते मला म्हणाले, "पैसे फिटले, सर. आता आणखी काय भरायचे ते कोणी सांगत नाही." मी "होईल हळूहळू" असे काहीतरी पुटपुटलो. सहामाहीनंतर ते शाळा सोडून गेले. तीन-चार वर्षांनी महात्मा गांधी बसस्थानकावर, ज्याला आपण सारे इमलीबन म्हणतो, तेथे ते मला दिसले. त्यांनीही मला पाहिले. मी वर्तमानपत्र उघडून तोंडापुढे धरले.

त्यांनी पैसे वापरले हे पाप होते, यात शंका नाही. पण ते दोन महिन्यांचे होते. आमचे पाप किती वर्षांचे, हा हिशेब गणिताच्या त्या शिक्षकानेही कधी मांडला नसेल.

आता शास्त्राकडे वळू. ख्रिस्ती मंडळीतील शिस्तीचा आधार म्हणून मत्तयाच्या शुभवर्तमानाचा अठरावा अध्याय नेहमी दाखविला जातो, आणि तो योग्यच आहे. तेथे येशू ख्रिस्त, ज्यांना आम्ही हजरत ईसा म्हणतो, एक क्रम घालून देतात. भावाने अपराध केला तर प्रथम एकट्याने, एकांतात त्याच्याकडे जावे. त्याने ऐकले नाही तर एक-दोघांना बरोबर घ्यावे. तरीही न ऐकल्यास मंडळीला सांगावे. मंडळीचेही ऐकले नाही तर त्याला विदेशी व जकातदार यांच्यासारखा समजावे. हा क्रम पाहिला म्हणजे आपण त्याच्या नेमके उलट कसे चालतो ते ध्यानात येते. आपल्याकडे गोष्ट प्रथम साऱ्या मंडळीला कळते, नंतर एक-दोघांत तिची चर्चा होते, आणि ज्याची चर्चा होते त्याच्याकडे एकट्याने जाणारा बहुधा कोणीच निघत नाही.

परंतु एका पाठाचा अर्थ त्याच्या मागच्या-पुढच्या पाठांवरून लावावा, असे आम्ही शिक्षक मुलांना सांगतो. तोच नियम येथे लावून पाहा. या क्रमाच्या लगेच आधी शंभर मेंढरांतले एक चुकते आणि धनी नव्याण्णव सोडून त्याला शोधायला निघतो, तो दाखला आहे. क्रमानंतर पेत्र विचारतो की, भावाला किती वेळा क्षमा करावी, सात वेळा पुरे काय? उत्तर असे मिळते की मोजण्याची हौसच फिटावी. पाठोपाठ दहा हजार तालांतांचे कर्ज माफ झालेला चाकर येतो, जो शंभर दिनारांसाठी सोबत्याचा गळा धरतो. दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी, आणि एक तालांत म्हणजे सुमारे सहा हजार दिनार. मुलांना मी हे गणित फळ्यावर घालतो. एकीकडे सहा कोटी दिवसांची मजुरी, दुसरीकडे शंभर दिवसांची. म्हणजे शिस्तीचा तो क्रम एका बाजूने शोधाच्या आणि दुसऱ्या बाजूने क्षमेच्या दाखल्यात बसविलेला आहे. मधलीच चार वाक्ये कापून काढली तर त्यांचा हुकूमनामा होतो, आणि कित्येक ठिकाणी तसाच तो वापरला जातो.

आणखी एक गंमत पाहा. न ऐकणाऱ्याला जकातदारासारखा समजा, असे हे शुभवर्तमान सांगते. पण ते ज्याच्या नावावर आहे तो मत्तय स्वतः कोण होता? जकातनाक्यावरचा जकातदार. ख्रिस्ताने त्याला तेथून उठविले, आणि तो त्यांच्यामागे निघाल्याचे सांगून झाल्याबरोबर जकातदारांच्या पंक्तीला बसून केलेल्या जेवणाचे वर्णन येते, ज्यावरून परूशी लोक नाराज झाले. तेव्हा एखाद्याला जकातदार समजणे म्हणजे त्याचे दार बंद करणे नव्हे. पहिल्यापासून पुन्हा सुरुवात करणे, असाच त्याचा अर्थ मला दिसतो. माझा हा अर्थ पाळकसाहेबांनी तपासून घ्यावा.

पौलाने गलतीकरांस लिहिलेल्या पत्राच्या सहाव्या अध्यायात हाच विषय आहे. कोणी अपराधात सापडला तर आत्मिक वृत्तीच्या लोकांनी त्याला सौम्यतेने ठिकाणावर आणावे आणि आपणही मोहात पडू नये म्हणून स्वतःकडे लक्ष ठेवावे, असा त्याचा आशय. येथे ठिकाणावर आणणे यासाठी मूळ ग्रीक भाषेत जे क्रियापद आहे, तेच शुभवर्तमानात कोळी आपली जाळी नीट करीत बसले होते असे सांगताना आले आहे. जुने ग्रीक वैद्य त्याच धातूपासून झालेला शब्द निखळलेले हाड बसविण्यासाठी वापरीत. मला हा दुसरा अर्थ फार आवडतो. गावाकडे हाडवैद्य पाहिला असेल त्याला तो लगेच पटेल. मूल झाडावरून पडून हात निखळला, तर हाडवैद्य प्रथम मुलाला बोलण्यात गुंतवितो, मग एका हाताने वर धरून दुसऱ्याने ओढतो. दुखते, मूल किंचाळतेही. पण झाडावर का चढलास म्हणून तो त्या हाताला आणखी एक हिसका देत नाही. आणि हाड बसले की पट्टी बांधून हाताला काही दिवस विश्रांती देतो, कायमची नव्हे. फार दिवस बांधून ठेवलेला हात वाळतो, हेही त्याला ठाऊक असते.

या फार दिवसांचे उदाहरण करिंथच्या मंडळीत सापडते. तेथील एका मनुष्याने आपल्या बापाची बायको ठेवली होती, आणि मंडळी त्याकडे काणाडोळा करून स्वतःवर खूष होती. पौलाने पहिल्या पत्रात त्यांना खडसावले आणि त्या मनुष्याला आपल्यातून काढा असे स्पष्ट सांगितले. येथे कोणी भाबडी क्षमा शिकवीत नाही. दुसऱ्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात मात्र पौल एका शिक्षा झालेल्या मनुष्याविषयी लिहितो की, बहुतेकांनी दिलेली शिक्षा त्याला पुरे झाली; आता त्याला क्षमा करा, धीर द्या, नाहीतर तो अति दुःखात बुडून जाईल आणि सैतान आपल्यावर कुरघोडी करील. हा तोच मनुष्य की दुसरा, याबद्दल पंडितांत मतभेद आहेत. परंतु ध्यानात घेण्याची गोष्ट ही की, शिक्षा सुरू करण्यास जसा एक आदेश लागला, तसाच ती थांबविण्यासही लागला. शिक्षा आपोआप थांबत नाही. ती कोणीतरी थांबवावी लागते.

पुढच्या काळातही मंडळीपुढे हा प्रश्न मोठ्या स्वरूपात उभा राहिला. रोमचा सम्राट देकियस याने इ. स. २५० च्या सुमारास सर्वांनी देवतांना बळी अर्पण करून तसा दाखला घ्यावा असे फर्मान काढले. भीतीने कित्येक ख्रिस्ती लोकांनी बळी अर्पण केले. कित्येकांनी लाच देऊन नुसता दाखला मिळविला. असे दाखले मिसर देशात पपायरसावर लिहिलेले सापडले आहेत. छळ ओसरल्यावर ही माणसे परत आली. रोममध्ये नोवेशियन म्हणाला, यांना आता मंडळीत जागा नाही. कार्थेजचा बिशप सिप्रियन याने २५१ साली सभा भरवून निराळा मार्ग काढला. नुसता दाखला घेणाऱ्यांना प्रायश्चित्तानंतर लवकर घ्यावे, बळी देणाऱ्यांना दीर्घ प्रायश्चित्त असावे. पुढे नव्या छळाची चिन्हे दिसू लागताच प्रायश्चित्त करीत असलेल्या बाकीच्यांसाठीही दार उघडण्यात आले. लढाईच्या तोंडावर आपल्याच माणसांना निःशस्त्र बाहेर ठेवावयाचे नाही, असा त्यामागचा विचार होता.

आमच्या परंपरेतील एक प्रसंग येथे सांगितल्यावाचून राहवत नाही. हिजरी ९ मध्ये, म्हणजे इ. स. ६३० साली, प्रेषित मुहंमद तबूकच्या मोहिमेवर निघाले. काअब बिन मालिक या सोबत्याने आज निघू, उद्या निघू करीत आळस केला आणि तो मागेच राहिला. प्रेषित परतल्यावर मागे राहिलेल्या ऐंशीहून अधिक लोकांनी खोट्या सबबी सांगितल्या. त्या वरवर मान्यही झाल्या. काअबने मात्र खरे सांगितले की, मला काहीच सबब नव्हती. तो आणि त्याच्यासारखे आणखी दोघे यांच्याशी कोणी बोलू नये असा आदेश निघाला. काअब बाजारात हिंडे, सलाम करी, उत्तर येत नसे. चुलतभावाच्या बागेची भिंत चढून तो आत गेला, तर त्यानेही सलाम घेतला नाही. याच दिवसांत गस्सानच्या राजाचे पत्र आले की, तुझ्या लोकांनी तुला टाकले आहे, आमच्याकडे ये. काअबने ते पत्र चुलीत घातले. समाजाने टाकलेल्या माणसाकडे असे पत्र कोठून ना कोठून येतेच, आणि प्रत्येकाच्या घरी काअबसारखी चूल पेटलेली नसते. पन्नासाव्या दिवशी पहाटे टेकडीवरून कोणीतरी ओरडून सांगितले की, आनंद कर, तुझी तोबा कबूल झाली. काअब मशिदीत शिरला तेव्हा भोवती लोक बसले होते. त्यांतून तल्हा एकटाच उठला, धावत आला आणि त्याने त्याचा हात हातात घेतला. पुढे म्हातारपणी ही हकीकत सांगताना काअब म्हणे की, तल्हाचे ते उठणे मी कधी विसरलो नाही.

उधळ्या पुत्राच्या दाखल्यातला बापही मुलाला दुरून पाहून धावतच जातो. दोन्ही गोष्टींतले हे धावणे मला महत्त्वाचे वाटते. शिक्षा संपली असे जाहीर होणे ही एक गोष्ट, आणि कोणीतरी जागेवरून उठणे ही दुसरी. आमच्या शिक्षकांच्या खोलीत पहिली झाली होती.

वारंवार दारू पिऊन शिक्षा भोगणाऱ्या एका मनुष्याचीही आमच्याकडे नोंद आहे. लोक त्याला शाप देऊ लागले, तेव्हा प्रेषितांनी त्यांना अडविले आणि आपल्या भावाविरुद्ध सैतानाला मदत करू नका, अशा आशयाचे सांगितले. पौलाने करिंथकरांना दिलेले कारण आणि हे कारण एकच आहे. शिक्षा दोन्हीकडे झाली. तिच्यावर तिरस्काराची भर घालणे तेवढे नाकारले गेले.

आता आपल्या मराठी मुलुखाकडे येऊ. हैदराबादहून सोलापूरमार्गे पुण्याला जाणारी गाडी दौंड सोडल्यावर केडगावच्या लहानशा स्टेशनावरून जाते. गाडी वेगात असते, बरेचजण झोपेत असतात. पण या विषयावर मराठी माणसाने जे मोठे काम केले ते या स्टेशनापाशी झाले. पंडिता रमाबाईंचे मुक्ती मिशन ते हेच.

रमाबाई १८८३ साली इंग्लंडला गेल्या आणि त्याच वर्षी २९ सप्टेंबरला वाँटेज येथे त्यांचा आणि त्यांच्या लहानग्या मनोरमेचा बाप्तिस्मा झाला. तेथील भगिनींनी त्यांना काही दिवस लंडनमधील फुलहॅम येथील आपल्या आश्रमात पाठविले. ज्यांना समाज पतित म्हणून टाकतो अशा स्त्रियांसाठी तो आश्रम होता. शास्त्रे मुखोद्गत असलेल्या या विदुषीला असे काही प्रथमच दिसत होते. या स्त्रियांना मायेने वागविणाऱ्या भगिनींना तिने विचारले की, तुम्ही हे का करता? तेव्हा एका भगिनीने योहानाच्या शुभवर्तमानातील चौथा अध्याय, विहिरीवर भेटलेल्या शोमरोनी स्त्रीची गोष्ट, तिला वाचून दाखविली. पाच नवरे होऊन गेलेली, भर दुपारी पाण्याला आलेली ती स्त्री. तिच्याकडे ख्रिस्त पाणी मागतात, आणि धर्माचे मोठे बोलणे तिच्याशीच करतात. रमाबाईंनी १९०७ साली आपली साक्ष लिहिली तीत हा प्रसंग आवर्जून सांगितला आहे. वादविवादाने त्यांना कोणी सहज जिंकले नसते. पण त्या आश्रमात त्यांनी जे पाहिले त्याला त्यांच्याकडे प्रत्युत्तर नव्हते.

पुढचा इतिहास पुष्कळांना ठाऊक आहे. १८८९ साली मुंबईत शारदा सदन निघाले, ते पुण्याला आले. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून शेकडो मुली आणून रमाबाईंनी त्यांना केडगावला आसरा दिला. या मुलींच्या व विधवांच्या जोडीला १८९९ च्या सुमारास त्यांनी कृपा सदन काढले. ते होते पाऊल वाकडे पडलेल्या, किंवा पाडविलेल्या, स्त्रियांसाठी. फुलहॅमला पाहिलेले सोळा वर्षांनी केडगावच्या माळावर उभे राहिले. सदनाचे नावही पाहा. पतिता, सुधार, प्रायश्चित्त यांपैकी एकही शब्द त्या दारावर नाही. आत येणाऱ्या बाईला आपली ओळख पाटीवर वाचावी लागू नये, एवढी समज नाव ठेवणाऱ्याला होती. मुक्तीत शेती, विणकाम, छापखाना अशी कामे शिकवीत. बायका हाताने कमावून खाऊ लागत. नुसती क्षमा करून माणूस उभा राहत नाही, त्याच्या हाताला काम लागते. रमाबाई १९२२ साली गेल्या. संस्था आजही आहे. आपल्या भागाशी त्यांचा संबंध आणखी जवळचा आहे. १९१२ साली त्यांनी गुलबर्ग्याला, जे तेव्हा निजामाच्या राज्यात होते, ख्रिस्ती शाळा काढली आणि मनोरमाबाई तिच्या मुख्याध्यापिका झाल्या.

पाडविलेल्या हा शब्द मी मुद्दाम वापरला. कृपा सदनात येणाऱ्या स्त्रियांना ज्यांनी त्या अवस्थेला आणले, ते पुरुष कोठल्या सदनात होते? ते आपापल्या गावी पुढच्या रांगेत बसत असणार. मंडळीची शिस्त बहुधा गरिबावर, बाईवर आणि ज्याला बोलता येत नाही अशावर लवकर चालते, हे आपल्या सर्वच धर्मसमाजांना लागू आहे. त्यात मी माझ्या समाजाला वगळीत नाही.

येथे दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, कारण क्षमेच्या नावाखाली पांघरूण घालण्याचे प्रकार आपण सर्वांनी पाहिले आहेत. ज्याच्या पापाने दुसऱ्याला इजा झाली, तेथे प्रथम जायचे ते इजा झालेल्याच्या घरी. जक्कय नावाच्या जकातदाराने ख्रिस्ताला घरी घेतले, तेव्हा त्याने नुसते डोळे पुसले नाहीत. अर्धी मालमत्ता गरिबांना आणि ज्यांना लुबाडले त्यांना चौपट परत, असे तो बोलला. परतफेड झाल्यावाचून पश्चात्ताप अर्धाच राहतो. लहान मुलाचा गैरफायदा घेतला असेल तर तेथे मंडळीतल्या मंडळीत मिटविण्याचा प्रश्नच येत नाही. २०१२ च्या पोक्सो कायद्याप्रमाणे अशी गोष्ट ज्याला कळली त्याने पोलिसांना कळविणे बंधनकारक आहे. असा मनुष्य खरा पश्चात्ताप करो वा न करो, त्याला मुलांच्या वर्गावर पुन्हा नेमणे ही क्षमा नव्हे, बेफिकिरी होय. पैशाच्या अफरातफरीत सापडलेल्याला पंक्तीला जरूर बसवावे. तिजोरीची किल्ली लगेच त्याच्या हाती देऊ नये. त्याच्यावरही तो उपकारच आहे.

पाप नसताना घातलेल्या बहिष्काराचीही एक गोष्ट मराठी वाचकांना परिचित आहे. १८९० साली पुण्यात पंचहौद मिशनमध्ये काही मंडळींनी चहा-बिस्किटे घेतली की नुसती पुढे आलेली पाहिली, यावरून ग्रामण्य माजले. गोपाळराव जोशांनी हजर असलेल्यांची नावे छापून टाकली. टिळक, रानडे यांच्यासारख्यांना प्रायश्चित्ताच्या वादात पडावे लागले. एक कप चहा! पुढे स्वराज्यात १९४९ साली मुंबई राज्याने बहिष्काराविरुद्ध कायदा केला. १९६२ साली सर्वोच्च न्यायालयाने तो धर्मस्वातंत्र्याच्या मुद्द्यावर रद्द ठरविला, आणि त्या निकालाचा फेरविचार २०२३ साली मोठ्या पीठाकडे सोपविण्यात आला. महाराष्ट्राने सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ साली नवा कायदा केला, तो २०१७ पासून लागू आहे. कायद्याने वाळीत टाकणाऱ्याला शिक्षा होते, आणि ती व्हावीच. पण चहाच्या वर्गणीचा डबा ज्याच्यापुढून तसाच पुढे गेला, तो कोणत्या कलमाखाली फिर्याद देणार?

पौलाच्या पत्रांत सर्वांत लहान पत्र फिलेमोनाला लिहिलेले आहे. अनेसिम नावाचा दास धन्यापासून दुरावला होता, काही नुकसानही केले असावे. पौल त्याला परत पाठविताना धन्याला लिहितो की, याला दास म्हणून नव्हे, प्रिय बंधू म्हणून घे, आणि त्याचे काही देणे असेल तर ते माझ्या नावे मांड. हे वाक्य आपण स्वतःच्या हाताने लिहीत आहोत, असेही तो नमूद करतो. न्यासाच्या चिटणीसांनी या पत्राकडे अवश्य लक्ष द्यावे. अर्ज कोणाच्या घरचा आहे असे खालच्या आवाजात विचारले जाते, तेव्हा समितीत एक तरी मनुष्य असा असावा की ज्याने मोठ्याने म्हणावे, "मी त्यांना ओळखतो, माझ्या नावावर घाला."

हा लेख अर्धा लिहून झाल्यावर मला पुढे लिहिता येईना. जुन्या सहकाऱ्यांकडून मी त्या गणिताच्या शिक्षकांचा फोन नंबर मिळविला आणि दोन दिवस तो खिशात घेऊन हिंडलो. तिसऱ्या दिवशी रात्री फोन केला. नाव सांगताच पलीकडे क्षणभर शांतता झाली. बसस्थानकावरचे वर्तमानपत्र मी आधी सांगून टाकले. ते हसले. म्हणाले, "उलटे धरले होते, सर, तुम्ही ते." मग त्यांनी घरच्यांची चौकशी केली. मी म्हटले, "रविवारी सकाळी येऊ का?" तर म्हणाले, "सकाळी नको, दुपारी जेवायलाच या. इकडच्या चर्चमध्ये एक म्हाताऱ्या बाई आहेत; आम्ही नवीन आलो त्याच आठवड्यात त्या घरी येऊन मला घेऊन गेल्या. तेव्हापासून सकाळची पेटी माझ्याकडे आहे."